शर्यतीची मोटारसायकल कोणती घ्यावी? आयल ऑफ मॅन ते चाकण

१/
दिवाळीत शिरपूरला घरी गेले असता मामेभावाने एक प्रश्न विचारला. त्याला हौशी शर्यतींत उतरायचे आहे आणि यंदाच्या कापसाच्या पैशांतून मामा त्याला मोटारसायकल घेऊन देणार आहेत. "ताई, तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, ट्रॅकसाठी कोणती गाडी घेऊ?" त्याच्या मनात मुंबईची एक जुनी, सहाशे सीसीची, चार सिलिंडरची गाडी भरली होती. मी दोन दिवस मागून घेतले. हा धागा म्हणजे त्याला दिलेले उत्तर.
#धागा #इतिहास

२/
त्याने प्रश्न थट्टेने विचारला होता. पण तो मोटारसायकलच्या शर्यतींइतकाच जुना आहे. जुन्या शर्यती पाहत गेले की एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते. कोणती गाडी शर्यतीत उतरणार हे अश्वशक्तीने फार थोड्या वेळा ठरवले. बहुतेकदा ते ठरवले नियमपुस्तकाने, सुट्या भागांच्या दुकानाने आणि मेकॅनिकच्या हाताने. क्रमाने पाहू.

३/
प्रारंभ ब्रिटनपासून. १९०३ च्या मोटार कायद्याने तेथे रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी २० मैल ठरवली. सार्वजनिक रस्ता बंद करून त्यावर शर्यत घेण्याची सोयही नव्हती. आयरिश समुद्रातील आयल ऑफ मॅन या बेटाची संसद मात्र वेगळी होती. तिने १९०४ साली कायदा करून शर्यतीपुरते रस्ते बंद करण्याची मुभा दिली, आणि २८ मे १९०७ रोजी तेथे मोटारसायकलींची पहिली टूरिस्ट ट्रॉफी भरली. रस्त्यावर शर्यत घ्यायची तर तेवढ्या वेळेपुरता तो इतरांचा रस्ता राहू नये, याची तजवीज आधी संसदेला करावी लागली. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो शिरपूरपर्यंत येणार आहे.

४/
या पहिल्या शर्यतीचा नियम वाचला तर आपल्याकडच्या कोणत्याही वडीलधाऱ्यांना तो मनोमन पटेल. एक सिलिंडरच्या गाडीने एका गॅलनमध्ये किमान ९० मैल, तर दोन सिलिंडरच्या गाडीने किमान ७५ मैल जायलाच हवे! आजच्या हिशेबाने अनुक्रमे सुमारे ३२ आणि २७ किलोमीटर प्रतिलिटर. "ॲव्हरेज किती देते?" हा आपला राष्ट्रीय प्रश्न जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यतीच्या पहिल्याच नियमात होता. शर्यत प्रवासी गाड्यांची असल्यामुळे त्या रोजच्या वापरातल्या गाड्यांसारख्याच असाव्यात, असा आग्रह होता.

५/
निकालही बोलका आहे. एक सिलिंडर गटात मॅचलेसवर चार्ली कोलियर जिंकला; सरासरी वेग ताशी ३८.२ मैल, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटर. दोन सिलिंडर गटात नॉर्टनवर रेम फाउलर जिंकला. दिवसातील सर्वांत वेगवान फेरी फाउलरची होती, जवळजवळ ताशी ४३ मैलांची. पण पंक्चर आणि यंत्रातील बिघाडांमुळे त्याला वारंवार थांबावे लागले. त्यामुळे त्याची एकूण सरासरी कोलियरपेक्षा कमी भरली. अधिक ताकदीच्या गाडीने एक फेरी जिंकली. न थांबणाऱ्या गाडीने दिवस जिंकला.

६/
ही अक्कल विलायतेतून आणण्याची आपल्याला गरज नव्हती. शंकरपट पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की नांगराचा बैल वेगळा आणि पटाचा बैल वेगळा. जोडी पारखणारा माणूस बैलाची नुसती छाती पाहत नाही; दात पाहतो, खूर पाहतो, जोडीदाराशी चाल जुळते का ते पाहतो. आदत, दुसा, चौसा अशी दातांवरून वयाची प्रतवारी होते, आणि काही शर्यतींत आदत वासरांचा गट निराळा ठेवतात. मोटारसायकलच्या शर्यतींत सीसीवरून पाडलेले गट ही त्याच विचाराची यांत्रिक आवृत्ती होय. बरोबरीच्यांशी झुंज झाली तरच हार-जितीला अर्थ राहतो.

७/
आता भारतात येऊ. दुसऱ्या महायुद्धाने जगभर धावपट्ट्या बांधल्या आणि युद्ध संपताच त्या ओस पडल्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन हा मुळात हवाई दलाचा तळ. तेथे १९४८ पासून शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे अशीच युद्धकाळातील धावपट्टी होती. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढची कित्येक दशके शोलावरम हीच भारतीय शर्यतींची पंढरी ठरली.

८/
धावपट्टीच का? कारण ती रुंद असते, सपाट असते, समोरून बैलगाडी येत नाही आणि सगळे एकाच दिशेने जातात. परंतु विमानासाठी बांधलेल्या काँक्रीटवर वळणे नसतात. ती पिंपे आणि गवताचे भारे ठेवून आखावी लागतात. अशा मार्गावर लांब सरळ पट्टा येतो आणि त्याच्या टोकाला एकदम तीव्र वळण. तेथे ब्रेक ही इंजिनाइतकीच मोलाची वस्तू. त्या काळच्या आपल्या गाड्यांना तर पुढेमागे ड्रम ब्रेकच होते. सरळ पट्ट्यावर कमावलेले वळणावर गमावणे फार सोपे होते.

९/
मग स्पर्धक गाडी कोणती निवडत? खरे तर निवडीला फारसा वावच नव्हता. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमानंतर कोणी काय आणि किती बनवायचे हे परवान्याने ठरू लागले. परकीय चलनाच्या टंचाईत आयात जवळपास बंद. मोटारसायकल म्हटले की प्रामुख्याने तीन नावे : मद्रासची एनफिल्ड बुलेट (१९५५ पासून), म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा (१९६१ पासून; १९७३ नंतर येझदी) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. राजदूत मूळ पोलंडच्या आराखड्याची, जावा चेकोस्लोव्हाकियाची, बुलेट इंग्लंडची. स्कूटरसाठी तर लोक दहा-दहा वर्षे नंबर लावून बसत.

१०/
टंचाईने एक उपकार केला : तिने मेकॅनिक घडवले. नवी गाडी मिळत नसेल तर आहे तीच वेगवान करायची. येथे जावा-येझदीचे टू-स्ट्रोक इंजिन विशेष सोयीचे होते. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, कॅम, साखळी असा पसारा असतो. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला पडलेली भोके, म्हणजे पोर्ट, आणि वरखाली जाणारा पिस्टन. पिस्टनच भोके उघडतो, पिस्टनच मिटतो. भोकाची उंची बदलली की इंजिनाचा स्वभाव बदलतो.

११/
धूर बाहेर जाण्याचे भोक कानशीने थोडे वर उचलले तर ते लवकर उघडते. इंजिन जास्त फेऱ्यांवर जोर धरते, पण कमी फेऱ्यांवर मरगळते. मग सायलेन्सरही बदलावा लागतो. मधे फुगीर आणि शेवटी निमुळता असा नळकांड्याचा आकार दिला की बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण दाबाच्या लाटेने सिलिंडरमध्ये परत ढकलले जाते. हे सारे कानस, वेल्डिंग आणि सराईत कान यांच्या बळावर साधत असे. भारतीय शर्यतींचा अर्धा इतिहास अशा हातांनी लिहिला आहे, आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही निकालपत्रात नाहीत.

१२/
१९८३ साली या दृश्यात राजदूत ३५० आली. ही यामाहाची आरडी ३५०. जपानमध्ये १९७३ ची, आपल्याकडे दहा वर्षे उशिरा. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीच्या आवृत्तीची ताकद ३०.५ अश्वशक्ती. राजदूत १७५ पाहिलेल्या डोळ्यांना ती दुसऱ्याच ग्रहावरची वाटली असणार. मूळ यामाहाच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असे. भारतीय आवृत्तीला ड्रम मिळाला. ताकद जपानी आणि ब्रेक देशी, असा हा विवाह होता.

१३/
शर्यतींत आणि दंतकथांत आरडीने मानाचे स्थान मिळवले, बाजारात मात्र ती हरली. पेट्रोल पिण्याची तिची तहान मोठी. सुटे भाग महाग आणि दुर्मिळ. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवणारा हात प्रत्येक गावात नव्हता. पुढे ताकद उतरवून २७ अश्वशक्तीची आवृत्ती काढली, तरी उपयोग झाला नाही. दशक संपता संपता तिचे उत्पादन आटोपले. आज जपून ठेवलेल्या आरडीला संग्राहक मागतील ती किंमत देतात. तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते.

१४/
तिच्याच घराण्यातील धाकटी बहीण मात्र जिंकली. ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याला वाट दिली आणि शंभर सीसीच्या चार जपानी जोड्या आल्या : इंड-सुझुकी (१९८४), हीरो होंडा (१९८५), यामाहा आरएक्स १०० (१९८५) आणि कावासाकी बजाज (१९८६). आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोंच्या आसपास. कागदावर आरडीच्या जवळपास एक-तृतीयांश ताकद. पण एकच सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर, भाग कोठेही मिळणारे आणि पडली तरी उचलून पुन्हा चालवता येईल अशी हलकी.

१५/
म्हणून छोट्या गटांत हौशी तरुणांची ती शाळा झाली. आरडीवर शिकणारा प्रत्येक चुकीची किंमत महिनाभराच्या पगाराने मोजत असे. आरएक्सवर शिकणारा रविवारी पडे आणि सोमवारी भाग आणून गाडी उभी करी. शिकण्यासाठी पुन्हापुन्हा चुकणे भाग असते, आणि ज्या गाडीवर चुकणे परवडते तीच शिकवू शकते. १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले, कारण धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकचा काळ सरत आला. तिच्यानंतरच्या १३५ सीसीच्या आवृत्त्या आणखी काही वर्षे तग धरून होत्या.

१६/
दरम्यान धावपट्टीवरून शर्यती खऱ्या ट्रॅकवर आल्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास क्लबचा स्वतःचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला. २००३ मध्ये कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. हे नाव एस. करिवर्धन या चालक-संशोधकाच्या स्मरणार्थ. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर, तेथेच सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची भारतातील पहिली शर्यत झाली. वाचकांनी हे आकडे पुन्हा पाहावेत. मार्ग जितका आखूड आणि वळणांचा, तितकी मोठ्या इंजिनाला पाय पसरायला जागा कमी.

१७/
नव्या शतकात पुण्याच्या बजाजची पल्सर (२००१) आली आणि फोर-स्ट्रोक गाडीही जोशात चालते हे तरुणांना पटले. २००८ ची यामाहा आर१५ हे पुढचे पाऊल. दीडशे सीसीचीच, परंतु पाण्याने थंड होणारे इंजिन, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर आणि शर्यतीच्या गाडीसारखी मजबूत फ्रेम. ताकद १७ अश्वशक्तीच्या घरात. तिची किमया वळणात होती. इंजिन लहान असल्यामुळे वेग एकदा सांडला की परत मिळवणे कठीण. म्हणून चालक वळणात वेग जपायला शिकतो.

१८/
याच काळात एकाच नमुन्याच्या गाड्यांच्या शर्यतींना बहर आला : आर१५, होंडा सीबीआर, टीव्हीएस अपाचे, आणि २०२१ पासून रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेन्टल जीटी. अशा शर्यतीत सर्वांची गाडी सारखी असते. अनेक मालिकांत तर कंपनीच गाडी देते; स्पर्धकाने निवडचाचणी द्यायची, शुल्क भरायचे आणि चालवायचे. म्हणजे "कोणती गाडी घेऊ?" या प्रश्नाचे एक सरळ उत्तर निघाले : कदाचित कोणतीच नको.

१९/
आता महाराष्ट्राचा एक अध्याय, ज्याची आपल्याकडे पुरेशी वाच्यता झाली नाही. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भाग घेतला. चाकणच्या कारखान्यात २०० ड्यूक बनू लागली (भारतात जानेवारी २०१२) आणि २०१४ मध्ये आरसी ३९० आली; ३७३ सीसी, सुमारे ४३ अश्वशक्ती. त्याच वर्षी जर्मनीतील एडीएसीच्या कनिष्ठ गटाच्या मालिकेने हीच गाडी निवडली. २०१५ मध्ये अमेरिकेतही आरसी ३९० चषक सुरू झाला. युरोप-अमेरिकेतील किशोरवयीन मुले शर्यतीचा श्रीगणेशा गिरवत होती ती चाकणहून गेलेल्या गाडीवर.

२०/
२०१७ पासून तर तीनशे सीसीच्या वर्गाला जागतिक अजिंक्यपद मिळाले. २०१८ मध्ये स्पेनच्या आना कारास्कोने ते ४०० सीसीच्या कावासाकीवर जिंकले; मोटारसायकल रोड रेसिंगमध्ये एकेरी जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. छोटी गाडी म्हणजे गरिबाची तडजोड, असे समजणाऱ्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावे.

२१/
चाकण शिरपूरपासून चारशे किलोमीटरांच्या आत आहे. बुद्ध, मद्रास आणि कोइम्बतूर मात्र प्रत्येकी सुमारे हजार किंवा त्याहून अधिक किलोमीटर दूर. या विषम अंतरात माझ्या मामेभावाची खरी गोष्ट दडलेली आहे. गाडी हाताशी आणि ट्रॅक दूर असला की मुले रात्री आग्रा रोडवर जातात. गेल्या पावसाळ्यात त्याचे दोन्ही कोपर सोलून निघाले होते. "वाळूवरून घसरलो" एवढेच त्याने घरी सांगितले. मामींना कारण ठाऊक नाही. हा धागा त्या वाचणार नाहीत, या भरवशावर मी लिहिते आहे.

२२/
मुंबई-आग्रा मार्ग हा शतकांचा व्यापारी रस्ता. तापी ओलांडून शिरपूर, पुढे पळासनेर, मग सातपुड्यातील बिजासन घाट आणि सेंधवा. ४ जुलै २०२३ रोजी घाट उतरून आलेला, ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर पळासनेरजवळ गाड्यांना धडकून थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसे गेली. त्या माणसांची काय चूक होती? कोणी चहा पीत होते, कोणी बसची वाट पाहत होते. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडा दाखवणारे मार्शल असतात, रुग्णवाहिका चालू इंजिनाने उभी असते. हमरस्त्यावर वळणाबाहेर कोणाचे तरी हॉटेल असते.

२३/
कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी परवानगीविना शर्यत लावण्यास गुन्हा ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कलमाच्या धाकाने कोणाचा हात आवरत नाही, हे मलाही कळते. मी त्याला १९०७ ची गोष्ट सांगितली. शर्यत मोठी झाली ती रस्ता शर्यतीला मोकळा करून दिला तेव्हापासून. जेथे समोरून कोणी येऊ शकते, तेथे आपण किती वेगवान हे कधी कळतच नाही. फक्त आजवर सुदैवी होतो एवढे कळते.

२४/
तर मामेभावाला दिलेले उत्तर, इतिहासाच्या आधाराने :
• आधी नियमपुस्तक, मग शोरूम. कोणत्या गटात उतरायचे ते ठरवा. गाडी त्या गटात बसली नाही तर तिचा वेग व्यर्थ. (१९०७)
• सुटे भाग धुळ्यात मिळतात का ते विचारा. (आरडी)
• पडल्यावर दुरुस्ती परवडेल अशीच गाडी घ्या. (आरएक्स)
• दीडशे ते चारशे सीसीत वळण शिका. सरळ पट्ट्यावर मूठ पिळणे कोणालाही जमते. (आर१५)
• जमल्यास पहिले वर्ष प्रशिक्षण आणि कंपनीच्या गाडीवर काढा.

२५/
स्वतःची गाडी घेतलीच तर सगळे पैसे गाडीत घालू नयेत. आधी अंगावरचे : पूर्ण हेल्मेट, चामड्याचा सूट, पाठीचे कवच, हातमोजे, बूट. मग टायर आणि ब्रेक पॅड. उरल्यास इंजिन. ट्रॅकवर जाण्यापूर्वी आरसे आणि इंडिकेटर काढतात, दिव्याच्या काचांना चिकटपट्टी लावतात, ऑइलचा बोल्ट बारीक तारेने जखडतात. अनेक ठिकाणी रेडिएटरमधील कूलंट काढून साधे पाणी भरायला लावतात, कारण सांडलेले कूलंट तेलासारखे निसरडे असते. यातली बरीचशी काळजी आपल्यासाठी कमी आणि मागून येणाऱ्यासाठी जास्त असते. स्पर्धा असूनही.

२६/
पुढे काय झाले? सहाशे सीसीची गाडी मुंबईतच राहिली. मामांनी निम्मे पैसे पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी बाजूला काढले आणि उरलेल्यांतून त्याने जुनी, दीडशे सीसीची गाडी आणि नवा सूट घेतला. सूट गाडीच्या जवळजवळ निम्म्या किमतीला पडला, म्हणून मामा अजून माझ्यावर नाराज आहेत. तो जानेवारीत कोइम्बतूरला प्रशिक्षणाला जाणार आहे, रेल्वेने. आग्रा रोडवर तो पुन्हा गेला की नाही, हे मी विचारलेले नाही. फोनवर तो हल्ली टायरच्या दाबाबद्दल बोलतो, एवढे खरे.

२७/
शेवटी एक विनंती. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यावरची दप्तरे गोळा केली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्या धुळ्यातच आहे. मोटारसायकलींचा आपला इतिहासही असाच माळ्यावर आणि गॅरेजच्या कपाटात पडून आहे. घरी जावा, राजदूत किंवा आरएक्सचे जुने बिल, नंबर लावल्याची पावती, शोलावरमचा एखादा फोटो, एखाद्या जुन्या मेकॅनिककाकांची आठवण असेल तर प्रतिसादात अवश्य लिहा. ज्या हातांनी त्या गाड्या पळवल्या, त्यांच्याविषयी एक स्वतंत्र धागा लिहायचा आहे.
#धागा #खान्देश #इतिहास